पुरातून आलेल्या ऑटोमॅटिक गाडीचा टॉर्क कन्व्हर्टर: प्रकल्प नोंदी

१७ ऑगस्ट २०२१, मंगळवार

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगेचे पाणी कोल्हापूर शहरात शिरले, तेव्हा ही गाडी शाहूपुरीतील एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये उभी होती. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोका पातळी मानतात. यंदा पाणी तिच्या कितीतरी वर गेले, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि गाडी ओढून शिवाजी उद्यमनगरात आणायलाही पाणी ओसरण्याची वाट पाहावी लागली. मालकांनी एक गोष्ट फार चांगली केली, ती म्हणजे पाणी उतरल्यावर "चालू होते का बघूया" म्हणून स्टार्टर मारला नाही. त्यामुळे इंजिन वाचले. गिअरबॉक्सला ही सवलत मिळत नाही. त्याच्या ब्रीदरचे (हवा येण्या-जाण्याच्या नळीचे) तोंड पाण्याखाली गेले आणि आतली हवा थंड होऊन आकसली, की गाडी बंद असली तरी पाणी आत ओढले जाते. ड्रेन प्लग काढल्यावर जे बाहेर आले ते ऑइल म्हणण्याजोगे राहिले नव्हते. रंगाने आणि दाटपणाने ती सरळ सोलकढी होती.

गाडी टोयोटा इनोव्हा क्रिस्टा, इंजिन २.८ लिटर डिझेल, सहा गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, शक्ती मागच्या चाकांना. गिअरबॉक्स उघडून क्लच प्लेटा, सील, फिल्टर बदलण्याचे आणि व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणारा भाग) धुण्याचे काम पूर्ण झाले असून त्याच्या नोंदी वेगळ्या वहीत आहेत. येथून पुढे फक्त टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती ऑइलमार्फत गिअरबॉक्सला पोहोचवणारे भांडे) आणि गिअरबॉक्स पुन्हा इंजिनला जोडणे एवढाच विषय आहे, कारण आमच्या अनुभवात चांगला दुरुस्त केलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बिघडतो तो बहुधा याच टप्प्यावर, आणि तोही पहिला स्टार्टर मारण्याआधीच.

मालक आज येऊन गेले. जुन्या कन्व्हर्टरवर बोट वाजवून त्यांनी विचारले, "हे भांडं तर नुसतं लोखंडाचं आहे की ओ, धुऊन वापरलं तर चालत नाही व्हय?" प्रश्न रास्त होता. कन्व्हर्टर दोन वाट्या तोंडाला तोंड लावून वेल्ड केल्यासारखा बंद असतो आणि या कन्व्हर्टरला ड्रेन प्लग नाही. आत इंजिनाबरोबर फिरणारा इंपेलर, गिअरबॉक्सला फिरवणारा टर्बाइन, मधे ऑइलची दिशा वळवणारा स्टेटर आणि वेगात इंजिन व गिअरबॉक्स थेट जोडण्यासाठी पुढच्या कव्हरला चिकटणारा लॉक-अप क्लच असतो. त्या क्लचचे अस्तर कागदी जातीचे आणि गोंदाने चिकटवलेले असते. पाणी त्या कागदात शिरते, गोंद सोडवते आणि काही दिवसांनी अस्तर पापुद्र्यांनी सुटून थेट व्हॉल्व्ह बॉडीत जाते. स्टेटरच्या एकदिशा क्लचमधील रोलर आणि थ्रस्ट बेअरिंग गंजतात ते वेगळेच. कन्व्हर्टर लेथवर कापून, साफ करून, अस्तर बदलून पुन्हा वेल्ड करता येतो आणि इंजिनाचे ब्लॉक ओतणाऱ्या या गावात लेथला तोटा नाही. परंतु वेल्डनंतर हबचा (मागच्या नळीसारख्या भागाचा) रन-आउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, आणि संपूर्ण भांड्याचा तोल राखणे हे वेगळ्या यंत्राचे काम आहे आणि ती यंत्रणा जवळ नसताना तो उद्योग करू नये, असे माझे मत आहे. नवीन कन्व्हर्टर मागवण्याचे ठरले.

१९ ऑगस्ट, गुरुवार

ऑइल कूलर आणि त्याच्या नळ्या धुतल्या. आधी सॉल्व्हंट, मग कोरडी हवा, मग ताजे ऑइल, आणि प्रत्येक वेळी उलट दिशेनेही. नळ्यांतून निघालेला बारीक गाळ पांढऱ्या कापडावर स्पष्ट दिसला. कूलर न धुता नवीन कन्व्हर्टर लावणे म्हणजे जुना गाळ त्याच्यात स्वतःच्या हाताने भरणे होय.

२१ ऑगस्ट, शनिवार

नवीन कन्व्हर्टर आला. खोक्यावरचा क्रमांक जुळला म्हणून तो लगेच बसवायला घेणे आमच्या शिरस्त्यात बसत नाही. जुना आणि नवा शेजारी ठेवून हबचा बाहेरील व्यास मायक्रोमीटरने, हबची लांबी आणि एकूण उंची व्हर्नियरने मोजली. टर्बाइनच्या आणि स्टेटरच्या स्प्लाइनचे (शाफ्टवर बसणाऱ्या उभ्या खाचांचे) दात मोजले. पुढच्या बाजूच्या सहा बोल्टच्या छिद्रांचे आटे आणि त्यांची खोली तपासली. ही खोली महत्त्वाची आहे. बोल्ट मूळ बोल्टपेक्षा लांब असेल तर तो तळाशी टेकून कव्हरला आतून फुगवटा आणतो आणि ज्या पृष्ठभागावर लॉक-अप क्लच घट्ट बसायचा तोच पृष्ठभाग उंचसखल होतो. नंतर वेगात गाडी थरथरते आणि कारण कोणालाच सापडत नाही. सबब या कन्व्हर्टरला याच गाडीचे बोल्ट लावायचे. डब्यातले "चालतील असे" लावायचे नाहीत.

स्टेटरचा एकदिशा क्लच तपासला. घड्याळाच्या दिशेने तो सहज फिरतो, उलट दिशेने जागीच अडतो. तसेच असायला हवे. यासाठी पुस्तिकेत खास टूल दिलेले आहे, पण हबमधून बोट घालून आतल्या स्प्लाइनवर जोर दिला तरी नव्या कन्व्हर्टरमध्ये फरक हाताला कळतो.

हबच्या काठावर समोरासमोर दोन खाचा आहेत. ऑइल पंपाच्या गिअरला आतून दोन कान असतात आणि ते याच खाचांत बसतात. इंजिन फिरले की हब फिरतो आणि हब पंप फिरवतो. यातील एका खाचेच्या कडेला नखाला लागेल इतकी बारीक धार होती. बहुधा वाहतुकीत कुठे तरी आपटला असावा. ही धार पंपाच्या पुढच्या ऑइल सीलच्या ओठावरून सरकली असती तर सील नवीन असूनही पहिल्या दिवसापासून गळले असते. बारीक ऑइलस्टोनवर, एकाच दिशेने, तेल लावून धार मोडली आणि हब पुसून त्यावर बोट फिरवून खात्री केली. पॉलिश पेपर वापरला नाही, कारण त्याचे कण खाचेत राहतात.

२४ ऑगस्ट, मंगळवार

आज इंजिनाची बाजू. क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील हाताला आलेच होते म्हणून बदलले. त्यात लिहिण्यासारखे काही नाही.

लिहिण्यासारखे आहे ते क्रँकशाफ्टच्या मागील टोकाच्या खोबणीबद्दल. कन्व्हर्टरच्या पुढच्या बाजूला मध्यभागी एक बुटका नाकासारखा भाग असतो आणि तो या खोबणीत जाऊन कन्व्हर्टरला क्रँकशाफ्टशी एका रेषेत ठेवतो. पुराच्या पाण्याने खोबणीत गाळ वाळून बसला होता आणि त्याखाली गंजाचा तपकिरी कडा तयार झाला होता. वरवर पाहिले असते तर खोबणी स्वच्छ वाटली असती, कारण गाळ काठाशी नव्हता, तळाशी होता. असा गाळ राहिला तर गिअरबॉक्स पुढे सरकताना नाक खोबणीत पूर्ण जात नाही, कन्व्हर्टर मागे पंपाकडे ढकलला जातो आणि बोल्ट आवळणाऱ्याला वाटते की "नवीन आहे, जरा घट्ट असणारच". तांब्याच्या पट्टीने गाळ खरवडला, बारीक एमरी बोटाला गुंडाळून गंज काढला, डिझेलने धुऊन कोरडे केले आणि ग्रीसचा अगदी पातळ हात दिला. ग्रीस जास्त झाले तर ते खोबणीत कोंडून नाकाला पुढे येऊ देत नाही. नव्या कन्व्हर्टरचे नाक हातानेच खोबणीत घालून पाहिले. ते हलकेच आत गेले आणि न अडता फिरले.

ब्लॉकवर गिअरबॉक्सला जागेवर आणणाऱ्या दोन डॉवेल पिना असतात. एक ब्लॉकमध्ये होती, दुसरी जुन्या जोडणीतून बेल हाउसिंगमध्येच (गिअरबॉक्सच्या पुढच्या, कन्व्हर्टर झाकणाऱ्या घंटेसारख्या भागात) अडकून आली होती. ती काढून, साफ करून ब्लॉकमध्ये ठोकली. डॉवेलशिवायही बोल्ट लागतात, गाडी चालते, परंतु बोल्टची छिद्रे मोठी असल्याने गिअरबॉक्स किंचित खाली बसतो. मग पंपाचा बुश एका बाजूने झिजतो, सील गळते आणि ड्राइव्ह प्लेटला (क्रँकशाफ्टला कन्व्हर्टर जोडणाऱ्या पातळ चकतीला) प्रत्येक फेऱ्यात वाकावे लागून शेवटी बोल्टच्या छिद्रांभोवती तडे जातात. दोष पंपावर येतो आणि पंप बिचारा निर्दोष असतो.

ड्राइव्ह प्लेटवर डायल गेज लावून क्रँकशाफ्ट फिरवला. टोयोटाच्या पुस्तिकेत ०.२० मिमीपेक्षा जास्त रन-आउट असल्यास प्लेट बदलायला सांगितले आहे. आपल्या प्लेटचा काटा त्याच्या निम्म्याच्याही आत राहिला. प्लेट तीच ठेवली.

शेवटी आजचे खरे काम: "अ" हे माप. गिअरबॉक्स ज्या पृष्ठभागाला टेकतो त्या इंजिनाच्या मागील चेहऱ्यापासून ड्राइव्ह प्लेटच्या त्या भागापर्यंतचे अंतर, जिथे कन्व्हर्टर बोल्टने जोडला जातो. सरळ पोलादी पट्टी चेहऱ्यावर आडवी धरून व्हर्नियरच्या खोलीमापकाने हे अंतर सहाही जागी घेतले आणि सर्वांत मोठे माप वहीत लिहिले. उद्या कन्व्हर्टर बसवल्यावर बेल हाउसिंगच्या काठापासून कन्व्हर्टरच्या बोल्टच्या जागेपर्यंतचे "ब" हे माप घ्यायचे. टोयोटाचा नियम सोपा आहे: ब हे अ पेक्षा निदान १ मिमीने जास्त असले पाहिजे. म्हणजे गिअरबॉक्स ब्लॉकला पूर्ण टेकल्यावर कन्व्हर्टर आणि प्लेट यांच्यात थोडी मोकळी जागा राहिली पाहिजे आणि ती शेवटी कन्व्हर्टर पुढे ओढून भरून काढायची.

२५ ऑगस्ट, बुधवार

कन्व्हर्टर बसवण्याच्या दोन पद्धती गॅरेजात चालतात आणि दोघांचेही समर्थक हट्टी आहेत. एका पद्धतीत गिअरबॉक्स शेपटीवर उभा करून बेल हाउसिंगचे तोंड वर करतात आणि कन्व्हर्टर वरून सोडतात. वजनच काम करते आणि खाचा सापडणे सोपे जाते. पण तेव्हा हब खाली असल्याने कन्व्हर्टरमध्ये आधी ऑइल भरता येत नाही. दुसऱ्या पद्धतीत गिअरबॉक्स आडवा असतो. तेव्हा हबच्या पातळीखालचे ऑइल कन्व्हर्टरमध्ये टिकते आणि पहिल्या स्टार्टला पंपाला कोरडे फिरावे लागत नाही, परंतु भरलेला जड कन्व्हर्टर हातात तोलून धरत त्याची खाच पंपाच्या कानाशी जुळवणे हे चांगलेच कष्टाचे काम आहे.

आम्ही दोन्ही पद्धती वापरायचे ठरवले. आज उभ्या गिअरबॉक्सवर कोरडी चाचणी घेऊन पूर्ण बसल्यावरचे "ब" निश्चित करायचे, आणि उद्या आडव्यावर ऑइलसह बसवताना तेच माप पुन्हा मिळते का ते पाहायचे. काम दुप्पट होते हे खरे, पण उद्याच्या आकड्याला आजच्या आकड्याचा साक्षीदार मिळतो.

सीलच्या ओठाला आणि हबला ताजे ऑइल लावले. पंपाच्या गिअरचे दोन्ही कान उभ्या रेषेत आणले, कन्व्हर्टरच्या खाचांची रेष मार्करने बाहेरच्या कडेवर ओढली, जेणेकरून आतले दिसत नसताना बाहेरून दिशा कळावी. मिस्त्रींनी कन्व्हर्टर दोन्ही हातांनी धरून सोडला आणि दाब न देता सावकाश डावी-उजवीकडे फिरवत राहिले. तीन गोष्टी जुळायच्या असतात: स्टेटरची स्प्लाइन पंपातून पुढे आलेल्या स्थिर नळीवर, टर्बाइनची स्प्लाइन इनपुट शाफ्टवर आणि हबच्या खाचा पंपाच्या कानांवर. यांचा क्रम गिअरबॉक्सगणिक बदलतो. येथे पहिले दोन टप्पे जवळजवळ लागोपाठ आले, "टक" असा हलका आवाज आणि हाताखाली कन्व्हर्टर थोडा खाली गेल्याची जाणीव. तिसरा टप्पा लवकर येईना. मार्करची रेष कानांच्या दिशेला आली की मिस्त्री क्षणभर थांबत, कन्व्हर्टर किंचित हलवत आणि पुढे जात. शेवटी तो बसला तेव्हा आवाज वेगळाच होता, जाड आणि बुजलेला, आणि कन्व्हर्टर एकदम खोल गेला.

पट्टी आडवी ठेवून "ब" मोजले. पट्टीची जाडी वजा करून ते "अ" पेक्षा सव्वादोन मिमीने जास्त आले. आकडा वहीत आणि बेल हाउसिंगच्या आतील बाजूला खडूने लिहिला.

२६ ऑगस्ट, गुरुवार

कन्व्हर्टर काढला, हब वर करून टेबलावर ठेवला आणि त्यात सुमारे एक लिटर टोयोटाचे डब्ल्यूएस जातीचे ऑइल थोडे थोडे ओतले. एकदम ओतले की ते हबमधून परत वर येते, कारण आतली हवा बाहेर पडायला वेळ लागतो. गिअरबॉक्स आडवा करून जॅकच्या पाळण्यावर बांधला. सील आणि इनपुट शाफ्टचे टोक पुन्हा ओले केले.

भरलेला कन्व्हर्टर धरायला दोघे लागले. तो शाफ्टवर नेताना त्याचे वजन हबवर आणि हबमधून सीलवर येऊ द्यायचे नसते. म्हणून एकाने खालून आधार द्यायचा आणि दुसऱ्याने फक्त दिशा द्यायची. पहिले दोन टप्पे पटकन आले. कन्व्हर्टर हाताने छान फिरू लागला. हेल्पर पोरगा म्हणाला, "झालं की, मोकळा फिरतोय." मिस्त्रींनी पट्टीकडे हात केला. "फिरू दे. मापात ये म्हणावं. अजून एक टप्पा शिल्लक हाय."

माप घेतले. "ब" कालच्या आकड्यापेक्षा सुमारे ११ मिमीने कमी आले, म्हणजे "अ" पेक्षाही जवळजवळ ९ मिमीने कमी. हे येथे सविस्तर लिहून ठेवतो, कारण बहुतेक ठिकाणी याच क्षणी काम पूर्ण झाले असे समजले जाते. कन्व्हर्टर मोकळा फिरणे हा तो पूर्ण बसल्याचा पुरावा नाही. हबचे टोक पंपाच्या कानांवर नुसते टेकलेले असतानाही तो फिरतोच, किंबहुना अधिक सहज फिरतो, कारण त्याला अजून पंपाचे गिअर ओढावे लागत नाहीत. पूर्ण बसल्यावर फिरवताना हाताला थोडा जडपणा आणि आतून ऑइल ढवळल्याचा पुसट आवाज येतो. तरीही हात आणि कान यांवर विसंबू नये. पट्टी आणि व्हर्नियर हाच निकाल.

या स्थितीत गिअरबॉक्स उचलून इंजिनाला लावला असता तर तो ब्लॉकपासून ९ मिमी दूर अडला असता, आणि नेमके येथेच पाना हातात घेण्याचा मोह होतो. बेल हाउसिंगचा १२ मिमीचा, ८.८ दर्जाचा एक बोल्ट पूर्ण आवळला की साडेतीन ते चार टनांचा ताण देतो. असे अनेक बोल्ट चहूबाजूंनी ओढू लागले की ती फट बंद होतेच. फक्त ती बंद होते पंपाचे कान मोडून, पंपाच्या झाकणाला तडा देऊन किंवा क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर कायमचा रेटा ठेवून. आमच्या फळीवर एका डब्यात असे मोडलेले पंपाचे गिअर ठेवले आहे. परगावच्या एका गॅरेजात जोडलेली ती गाडी स्टार्ट झाल्यावर काही सेकंद चालली आणि मग कोणत्याही गिअरला हलेना. दोन्ही कान मुळापासून तुटलेले आहेत. तुटीचा पृष्ठभाग राखाडी, दाणेदार, आणि त्याच्या कडेला हबच्या काठाचा अर्धचंद्र उमटलेला. नवीन येणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातात तो डबा आधी दिला जातो आणि आज या पोरानेही तो उघडून पाहिला.

मार्करची रेष पाहून कन्व्हर्टर पुन्हा हळू फिरवला, आडव्या स्थितीत त्याचे नाक किंचित वर उचलून हब सरळ रेषेत आणला, आणि तो जाड आवाज आला. "ब" पुन्हा मोजले. कालच्या खडूच्या आकड्याशी जुळले.

लगेच बेल हाउसिंगच्या दोन समोरासमोरच्या छिद्रांमध्ये लोखंडी पट्टी आडवी बोल्ट केली. तिचे काम एकच, गिअरबॉक्स जॅकवर तिरका झाला तरी कन्व्हर्टरला पुढे सरकू न देणे. ही पट्टी नसेल तर वर्कबेंचवर केलेले सगळे मोजमाप लिफ्टखाली पोहोचेपर्यंत व्यर्थ जाऊ शकते, कारण पंपाच्या कानांतून सुटायला कन्व्हर्टरला सेंटिमीटरभर पुढे येणेही पुरते.

२७ ऑगस्ट, शुक्रवार

शेजारच्या लेथवर गिअरबॉक्सच्या बोल्टच्याच आट्याचे दोन लांब बोल्ट डोकी कापून, टोके निमुळती करून घेतले होते. ते ब्लॉकच्या खालच्या दोन छिद्रांत हाताने लावले. गिअरबॉक्स या पिनांवर सरकत आला की तो वर-खाली किंवा तिरका होत नाही आणि इनपुट शाफ्टवर, म्हणजे पर्यायाने पंपाच्या बुशवर, त्याचे वजन लटकत नाही. यासाठी विकतचे टूल मिळते. लेथवाल्याने चहाच्या पैशात करून दिले.

जॅक वर घेतला. ब्लॉकपासून वीतभर अंतरावर थांबून अडकवणारी पट्टी काढली, आणि काढल्याबरोबर "ब" आणखी एकदा मोजले, कारण पट्टी काढताना कन्व्हर्टर तिच्याबरोबर पुढे येऊ शकतो. आला नव्हता. इंजिनाच्या मागचा कोन आणि गिअरबॉक्सचा कोन जॅकच्या स्क्रूने जुळवला. दोन्ही चेहऱ्यांमधली फट वर आणि खाली सारखी दिसेपर्यंत पुढे ढकलले नाही. मग दोघांनी दोन बाजूंनी हाताने रेटा दिला. डॉवेलपर्यंत तो सहज आला, डॉवेलवर थोडा अडला, प्लास्टिकच्या हातोडीने कडेला हलके ठोकल्यावर पूर्ण टेकला. पाना येथपर्यंत खिशातच होता. या एका वाक्यासाठी आधीच्या सर्व नोंदी आहेत.

सगळीकडे फट शून्य झाल्याचे आरशाने पाहून मगच बोल्ट लावले, आधी बोटांनी, नंतर समोरासमोरच्या क्रमाने. प्रत्येक फेरीनंतर बेल हाउसिंगच्या खालच्या खिडकीतून कन्व्हर्टर बोटाने फिरवून पाहिला. सर्व बोल्ट पुस्तिकेच्या टॉर्कला आल्यावरही तो फिरत होता आणि मागे-पुढे हलतही होता. त्या फटीत ड्रिलच्या बिटाचा दांडा घालून पाहिला: दोन मिमीचा गेला, अडीचचा गेला नाही. वर्कबेंचवर मोजलेल्या सव्वादोन मिमीचा हिशेब खिडकीतून दिसणाऱ्या फटीशी जुळला. फट जास्तही असू नये, कारण कन्व्हर्टर तेवढाच पुढे ओढला जाऊन हब पंपाच्या कानांतून तेवढाच बाहेर येतो. अशा वेळी कान पूर्ण रुंदीवर भार न घेता काठावर घेतात.

आता कन्व्हर्टर प्लेटकडे ओढून सहा बोल्ट. क्रँकशाफ्ट पुढच्या पुलीच्या बोल्टवर पाना लावून, इंजिनाच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवत, एकेक छिद्र खिडकीसमोर आणले. सहाही बोल्ट बोटांनी पूर्ण लागल्याशिवाय एकही आवळला नाही. एक आधी आवळला तर बाकीची छिद्रे जुळत नाहीत आणि मग आटे जातात. बोल्टच्या आट्यांना थ्रेडलॉकचा थेंब दिला. आवळल्यावर क्रँकशाफ्ट पूर्ण फिरवून पाहिला. कुठेही घासल्याचा आवाज किंवा अडथळा नाही.

२८ ऑगस्ट, शनिवार

प्रॉपेलर शाफ्ट, वायरिंग, कूलरच्या नळ्या, मागील माउंटिंग. नेहमीचे काम. पोराने बरेचसे एकट्याने केले.

या गिअरबॉक्सला ऑइल मोजायची दांडी (डिपस्टिक) नाही. बाजूच्या प्लगमधून ऑइल भरायचे आणि खालच्या ओव्हरफ्लो प्लगमधून पातळी पाहायची. इंजिन बंद असताना ओव्हरफ्लोमधून थेंब येईपर्यंत भरले, मग इंजिन चालू केले आणि लगेच आणखी भरत गेलो, कारण पंप सुरू होताच कन्व्हर्टर, कूलर आणि व्हॉल्व्ह बॉडी हे सगळे मिळून ऑइल ओढून घेतात. पहिल्या क्षणाला कान बेल हाउसिंगकडेच होते. पंपाची किंकाळी नाही, खडखड नाही. ब्रेक दाबून धरून गिअर निवडायचा दांडा प्रत्येक जागी थोडा थांबवत पार्कपासून खालपर्यंत आणि परत वर नेला. प्रत्येक बदलाला गाडीने हलका झोका दिला, म्हणजे क्लच भरत आहेत.

पातळी तपासताना स्कॅनरवर ऑइलचे तापमान पाहिले आणि पुस्तिकेत दिलेल्या पट्ट्यात आल्यावरच खालचा प्लग उघडला. थंड ऑइलवर पातळी बरोबर दिसली तरी गरम झाल्यावर ती जास्त ठरते, आणि गरम ऑइलवर बघितले तर उलट. बारीक धार थांबून थेंब थेंब होईपर्यंत वाट पाहून प्लग लावला. जुन्या क्लचसाठी कॉम्प्युटरने शिकलेले आकडे स्कॅनरने पुसून टाकले.

स्टॉल टेस्ट (गिअरमध्ये ब्रेक दाबून धरून पेडल पूर्ण दाबण्याची चाचणी) आज केली नाही. नवीन प्लेटा अजून बसायच्या आहेत, आणि ती चाचणी पाच सेकंदांपेक्षा जास्त चालवायची नसते, कारण त्या वेळात इंजिनाची सगळी शक्ती कन्व्हर्टरमधील ऑइल तापवण्यात जाते. लोकांना ती करायला आवडते. मला आवडत नाही.

३१ ऑगस्ट, मंगळवार

मालकांना शेजारी बसवून गाडी काढली. दसरा चौकातली गर्दी पहिल्या दोन गिअरांसाठी पुरेशी होती, थांबणे-निघणे गुळगुळीत. आर. के. नगरकडच्या चढावर गाडी थांबवून ब्रेक सोडला, ती मागे घसरली नाही आणि हलक्या पेडलवर चढली. मग तावडे हॉटेल चौकातून महामार्गाला लागून किणी टोलनाक्यापर्यंत. टॉप गिअरमध्ये पेडल स्थिर ठेवल्यावर लॉक-अप लागल्याचे इंजिनाचे आरपीएम थोडे खाली येऊन तिथेच थांबण्यावरून कळते. येथे तो लागला आणि सुटला, कोठेही थरथर नाही. स्कॅनरवर ऑइलचे तापमान परतीच्या वाटेपर्यंत स्थिर राहिले, म्हणजे कूलरमधून प्रवाह चांगला आहे.

मालक म्हणाले, "पहिल्यापेक्षा मऊ बदलतोय ओ." पहिल्या काही दिवसांत कॉम्प्युटर नवीन प्लेटांशी जुळवून घेत असल्याने कधी एखादा गिअर झटक्याने बदलेल, त्याची काळजी करू नये, असे त्यांना सांगितले. जोराने ओढणे आणि ट्रेलर लावणे तूर्त टाळायला सांगितले.

७ सप्टेंबर, मंगळवार

गाडी आठवडाभर वापरून तपासणीसाठी आणली. बेल हाउसिंगची खालची खिडकी मुद्दाम उघडी ठेवली होती, ती पाहिली. बॅटरीच्या प्रकाशात कन्व्हर्टरची कडा कोरडी, सीलखाली ऑइलची रेष नाही, ड्राइव्ह प्लेटवर घासल्याची चकाकी नाही, सहाही बोल्टांवरच्या रंगाच्या खुणा जागच्या जागी. पार्किंगमध्ये रात्रभर खाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर डाग नाही, असे मालकांनी सांगितले. ऑइलचा नमुना काढला. रंग पारदर्शक लाल, दुधाळपणा नाही. पाण्याने भिजलेल्या गिअरबॉक्सच्या कोपऱ्यांत काही ओल राहतेच, म्हणून हे ऑइल एक हजार किलोमीटरनंतर बदलायचे आणि तेव्हाच चेंबरमधले चुंबक पाहायचे असे ठरले. खिडकीचे झाकण बसवले, ब्रीदरची नळी क्लिपने जेवढी उंच बांधता येईल तेवढी बांधली आणि गाडी दिली.